जँगोच्या मॉडेलमधला नियम नेमका कोण पाळतं? मॉडेल सांभाळायला आणि तपासायला शिकताना

जँगो, म्हणजे पायथनमध्ये वेब ॲप बनवायचं फ्रेमवर्क, नुकतंच शिकला असाल तर आधी एक छोटा प्रयोग करा. सभासद नावाचं मॉडेल (टेबलाचं पायथनमधलं वर्णन) घ्या, त्यात एक ईमेलफील्ड ठेवा, शेल उघडा आणि ईमेलच्या जागी नुसतं "कखग" देऊन क्रिएट() चालवा. एरर येईल असं वाटतं. येत नाही. नोंद निमूटपणे टेबलात जाऊन बसते.

ईमेलचा साचा तपासणारा व्हॅलिडेटर फुल_क्लीन() मध्ये चालतो आणि सेव्ह() कधीही आपणहून फुल_क्लीन() ला बोलावत नाही. मॉडेलफॉर्म, म्हणजे मॉडेलवरून बनलेला फॉर्म, मात्र बोलावतो. म्हणूनच ॲडमिनमध्ये तेच "कखग" टाकलं की लाल अक्षरात तक्रार येते आणि आपला समज होतो की नियम पक्का आहे. डेटाबेसच्या लेखी ईमेलफील्ड हा फक्त २५४ अक्षरांपर्यंतचा मजकूर ठेवायचा कॉलम आहे. त्यात काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मॉडेलची फाईल आणि प्रत्यक्षातलं टेबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉडेलची देखभाल म्हणजे बहुतेक वेळा या दोघांतलं अंतर सांभाळणं आणि मॉडेलची टेस्ट म्हणजे त्या अंतरात काही पडलंय का ते बघणं. खाली सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे: वाचनालयाचं छोटं ॲप. मॉडेल तीन: सभासद, प्रत आणि देवघेव. देवघेवीत प्रत, सभासद, नेल्याची तारीख, देय तारीख आणि परत केल्याची तारीख. पुस्तक बाहेर असेपर्यंत ही शेवटची तारीख नल, म्हणजे रिकामी. कमांड आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच ती मूळ स्पेलिंगनेच टाइप करायची.

पायरी १: प्रत्येक नियमाला राखणदार नेमा

मॉडेल लिहायला बसण्याआधी कागदावर नियम लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा की तो कोण पाळणार. राखणदार तीन: व्हॅलिडेटर, मॉडेलमधला पायथन कोड आणि डेटाबेस. पहिला फक्त फॉर्मच्या दारावर उभा असतो. दुसरा तुमच्या कोडमधून गेलं तरच भेटतो. तिसऱ्याला कुणीच चुकवू शकत नाही. शेल, स्क्रिप्ट, थेट एसक्यूएल, सगळं त्याच्यापुढून जातं.

आमचा नियम घ्या: एक प्रत एका वेळी एकाच सभासदाकडे असू शकते. नवा माणूस हे व्ह्यूमध्ये (विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) लिहितो. आधी एक्झिस्ट्स() ने विचारायचं की ही प्रत बाहेर आहे का, नसेल तर क्रिएट(). एकट्याने वापरून बघितलं तर उत्तम चालतं. पण दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही "बाहेर नाही" असंच उत्तर मिळतं आणि दोघी नोंद करून मोकळ्या होतात. हे कोडने सुटत नाही, डेटाबेसकडेच द्यावं लागतं. मॉडेलच्या मेटा क्लासमध्ये कन्स्ट्रेन्ट्सच्या (डेटाबेसने पाळायच्या अटींच्या) यादीत एक युनिककन्स्ट्रेन्ट लिहा: फील्ड प्रत, आणि अट अशी की परत तारीख नल असेल तेव्हाच. म्हणजे जुन्या, मिटलेल्या देवघेवी कितीही असू देत, उघडी देवघेव एकच. "परत तारीख नेल्याच्या तारखेआधीची नको" यासाठी तसंच चेककन्स्ट्रेन्ट. ही सोय जँगोत २.२ पासून आहे आणि ४.१ पासून फुल_क्लीन() ही कन्स्ट्रेन्ट्स पायथनमध्येही तपासून बघतो, त्यामुळे फॉर्मवर नीट संदेश दाखवता येतो.

मात्र अट घातलेलं युनिक कन्स्ट्रेन्ट पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूलाइटवर बनतं, मायएसक्यूएलवर बनत नाही. तिथे जँगो एक वॉर्निंग दाखवतो आणि पुढे जातो. वॉर्निंग वाचली नाही तर तुम्ही वर्षभर अशा राखणदाराच्या भरवशावर राहाल जो कधी कामावर आलाच नाही.

आणखी काही गोष्टी डेटाबेसमध्ये असतात असं वाटतं पण नसतात. चॉइसेस ही फक्त व्हॅलिडेशनपुरती यादी आहे, टेबलात त्याबाहेरचं काहीही लिहिता येतं. ऑन_डिलीटमधलं कॅस्केड (जोडलेल्या नोंदीही पुसणं) किंवा प्रोटेक्ट (पुसणं अडवणं) हे काम जँगो स्वतः पायथनमध्ये करतो. थेट एसक्यूएलने सभासद पुसायला गेलात तर कॅस्केड होत नाही, फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) अडवते. आणि क्वेरीसेटवरचं अपडेट() हे सेव्ह() ला, सिग्नलना (सेव्हच्या आगेमागे आपोआप चालणाऱ्या कोडला) आणि ऑटो_नाऊच्या (दर सेव्हला आपोआप बदलणाऱ्या) तारखेला पूर्ण बगल देऊन जातं. बल्क_क्रिएट() सुद्धा सेव्ह() आणि त्याचे सिग्नल चालवत नाही. तेव्हा सेव्ह() मध्ये महत्त्वाचं काही लिहिताना हे लक्षात असू द्या. माझं मत विचाराल तर सेव्ह() मध्ये शक्यतो काहीच लिहू नका.

पायरी २: मायग्रेशन वाचल्याशिवाय चालवू नका

मायग्रेशन म्हणजे मॉडेलमधला बदल टेबलात उतरवणारी फाईल. जँगोच्या गाभ्यात मायग्रेशन्स आली १.७ मध्ये, २०१४ साली. त्याआधी साउथ नावाचं वेगळं पॅकेज जोडावं लागे. आता मेकमायग्रेशन्स म्हटलं की फाईल तयार, मायग्रेट म्हटलं की टेबल बदललं. इतकं सोपं झाल्यामुळे मधली फाईल कुणी उघडून बघत नाही.

उघडा. विशेषतः फील्डचं नाव बदललं असेल तेव्हा. मेकमायग्रेशन्स विचारतो: हे नाव बदललंय का? घाईत "नाही" दाबलंत तर तो जुना कॉलम काढून टाकणारं आणि नवा रिकामा कॉलम घालणारं मायग्रेशन लिहितो. जुन्या कॉलममधला डेटा गेला. नाव आणि प्रकार एकाच फेरीत बदललेत तर तो विचारतही नाही, थेट काढून टाकतो. म्हणून आधी नाव बदला, मायग्रेशन करा, मग प्रकार बदला, दुसरं मायग्रेशन करा.

दुसरा प्रश्न तो विचारतो नल न चालणारं नवं फील्ड डीफॉल्टशिवाय घातलं की: जुन्या ओळींमध्ये काय भरू? इथे बरेच जण सुटका म्हणून शून्य किंवा कुठलीतरी तारीख ठोकून देतात. ती किंमत टेबलातल्या प्रत्येक जुन्या ओळीत बसते आणि सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतं की इतक्या लोकांची जन्मतारीख १ जानेवारी कशी?

डीफॉल्टवरून आठवलं. तारखेच्या फील्डला डीफॉल्ट म्हणून टाइमझोन.नाऊ द्यायचं असतं, पुढे कंस न लावता. कंस लावला की ती वेळ फाईल लोड होताना एकदाच मोजली जाते. मी हा कंस लावलेला आहे. दिवसभरातल्या सगळ्या नोंदींची वेळ एकच निघाली, सर्व्हर सुरू झाल्याची. जँगोचा चेक याबद्दल वॉर्निंग देतो. मी तेव्हा वॉर्निंग वाचत नसे.

फाईल वाचून समाधान झालं नाही तर एसक्यूएलमायग्रेट कमांड त्या मायग्रेशनचं खरं एसक्यूएल दाखवते. पहिले काही महिने ते प्रत्येक वेळी बघा, एसक्यूएल आपोआप शिकाल. सीआयमध्ये (दर बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) मेकमायग्रेशन्सला चेक हा पर्याय लावून ठेवा. कुणी मॉडेल बदलून मायग्रेशन करायला विसरलं की बिल्ड तिथेच पडतो. हेल्प टेक्स्ट किंवा चॉइसेस बदलल्यावरही मायग्रेशन तयार होतं. बरेच जण त्याला वैतागतात. ती फाईल तशीच कमिट करा, भांडू नका. दोघांनी वेगवेगळ्या ब्रँचवर एकाच ॲपचं मायग्रेशन केलं आणि टोकं दोन झाली तर मेकमायग्रेशन्सचा मर्ज पर्याय वापरा. पण त्याआधी दोन्ही फाईल्स एकाच फील्डला हात लावत नाहीत ना ते बघा.

पायरी ३: चालू टेबलात बदल

नवा कोड सर्व्हरवर जात असताना काही क्षण, कधी काही मिनिटं, जुना आणि नवा कोड एकाच डेटाबेसवर चालत असतात. सुरुवातीला हे कुणी सांगत नाही.

नल न चालणारा कॉलम घातलात तर जुन्या कोडला त्याची खबरच नाही. तो आपल्या इन्सर्टमध्ये तो कॉलम देत नाही आणि डेटाबेस नकार देतो. जँगोचं नेहमीचं डीफॉल्ट पायथनमध्ये राहतं, टेबलात राहत नाही, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नाही. ५.० पासून डीबी_डीफॉल्ट आलं आहे, ते टेबलातच राहतं. ते नसेल तर तीन टप्पे करा: आधी नल चालणारं फील्ड घाला, मग जुन्या ओळी भरा, शेवटी नल बंद करा. तीन वेगळी मायग्रेशन्स, शक्य तर वेगवेगळ्या वेळी सर्व्हरवर नेलेली.

कॉलम काढताना उलटं संकट. जँगो सिलेक्टमध्ये प्रत्येक कॉलमचं नाव लिहून मागतो. कॉलम गेला की जुन्या कोडची त्या टेबलावरची साधी क्वेरीसुद्धा मोडते, भले ते फील्ड कुठे वापरलेलं नसेना का. यासाठी सेपरेटडेटाबेसअँडस्टेट नावाचं ऑपरेशन आहे. पहिल्या फेरीत फील्ड फक्त जँगोच्या हिशोबातून काढायचं, टेबलाला हात लावायचा नाही. सगळीकडे नवा कोड चालू झाला की दुसऱ्या फेरीत कॉलम खरोखर काढायचा. फक्त या मधल्या काळात तो कॉलम नल चालणारा असावा, नाहीतर नव्या कोडची इन्सर्ट अडेल.

पोस्टग्रेएसक्यूएलवर मोठ्या टेबलाला साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) घालताना तो तयार होईपर्यंत त्या टेबलावर लिहिणं थांबतं. त्यासाठी ॲडइंडेक्सकन्करंटली वापरा आणि त्या मायग्रेशनमध्ये ॲटॉमिक, म्हणजे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये (पूर्ण होईल नाहीतर पूर्ण मागे फिरेल अशा गठ्ठ्यात) चालवणं, बंद करा. मायएसक्यूएल वापरत असाल तर हेही ध्यानात ठेवा की तिथे टेबलाची रचना बदलणाऱ्या आज्ञा ट्रान्झॅक्शनमध्ये मागे फिरत नाहीत. मायग्रेशन मध्येच पडलं तर अर्धं टेबल बदललेलं सापडतं आणि ते हाताने निस्तरावं लागतं. त्यामुळे तिथे एका मायग्रेशनमध्ये एकच काम ठेवणं बरं.

पायरी ४: टेस्टचा डेटाबेस खऱ्यासारखाच हवा

टेस्ट चालवताना जँगो नावाच्या आधी टेस्ट लावून वेगळा डेटाबेस बनवतो, सगळी मायग्रेशन्स त्यावर चालवतो आणि शेवटी तो पाडून टाकतो. तुमच्या खऱ्या डेटाला धक्का लागत नाही. बनवायला फार वेळ लागत असेल तर तो न पाडता पुन्हा वापरणारा कीपडीबी हा पर्याय द्या.

लॅपटॉपवर एसक्यूलाइट आणि सर्व्हरवर पोस्टग्रेएसक्यूएल, ही जोडी मोहात पाडते, कारण एसक्यूलाइट मेमरीत चालतं आणि टेस्ट झटपट होतात. पण एसक्यूलाइट मजकुराची लांबी पाळत नाही. १०० अक्षरांच्या कॉलममध्ये ते ५०० अक्षरं आनंदाने ठेवतं, पोस्टग्रेएसक्यूएल एरर देतं. ओळी कुलूपबंद करणाऱ्या सिलेक्ट_फॉर_अपडेट() चा एसक्यूलाइटवर काहीच परिणाम होत नाही. म्हणजे नेमक्या ज्या ठिकाणी टेस्टची गरज, तिथेच ती खोटं बोलते. ज्या डेटाबेसवर ॲप चालणार, त्यावरच टेस्ट चालवा. थोडा वेळ जास्त गेला तर जाऊ द्या.

पायरी ५: काय तपासायचं, काय नाही

चारफील्डमध्ये मजकूर राहतो का, सेव्ह केल्यावर आयडी मिळतो का, हे जँगोच्या स्वतःच्या टेस्ट्स बघतात. तुम्ही तुमचे नियम तपासा.

सुरुवात अशा मेथडपासून करा जिला डेटाबेस लागतच नाही. देवघेवीवर उशीर_दिवस() ही मेथड आहे समजा. तिच्यात आजची तारीख आत बसून मोजण्याऐवजी ती बाहेरून देता येईल अशी ठेवा, न दिल्यास टाइमझोन.लोकलडेट() घ्या. टाइमझोन.नाऊ() ची तारीख काढू नका. ती यूटीसीची असते आणि दिवसातले काही तास तुमच्या तारखेशी जुळत नाही. मग सिंपलटेस्टकेसमध्ये देवघेवीचा ऑब्जेक्ट सेव्ह न करताच बनवा आणि कडा तपासा: देय तारखेच्या दिवशीच उशीर शून्य, दुसऱ्या दिवशी एक, पुस्तक वेळेत परत आलं असेल तर आज कितीही तारीख असो, शून्य. सिंपलटेस्टकेस डेटाबेसला हात लावू देत नाही, चुकून क्वेरी झाली तर टेस्ट पडते. वेगही मिळतो आणि मेथड शुद्ध आहे याची खात्रीही.

डेटाबेस लागणाऱ्या टेस्टसाठी टेस्टकेस. तो प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतो आणि संपल्यावर रोलबॅक करतो. सगळ्या टेस्टना लागणारी मूळ माणसं आणि प्रती सेटअपटेस्टडेटा मध्ये एकदाच बनवा, दर टेस्टमागे नव्याने नको. डेटा भरायला जेसनच्या फिक्स्चर फाईल्स (आधीच लिहून ठेवलेला डेटा) वापरू नका. फील्ड वाढलं की त्या शिळ्या होतात आणि त्यातला १७ क्रमांकाचा सभासद तिथे का आहे हे दोन महिन्यांनी कुणाला आठवत नाही. त्याऐवजी प्रत_बनवा(), सभासद_बनवा() अशी छोटी फंक्शन्स लिहा, ज्यात सगळं डीफॉल्ट असेल आणि टेस्टला महत्त्वाचं तेवढंच बाहेरून द्यायचं. हे फार वाढलं की असा डेटा बनवून देणारं फॅक्टरी बॉय हे पॅकेज बघा.

क्रिएट() ला तारीख मजकूर म्हणून दिलीत तर परत मिळालेल्या ऑब्जेक्टवर ती मजकूरच राहते. तारखेसारखी वागायला रिफ्रेश_फ्रॉम_डीबी() करावं लागतं. डेसिमलचंही तसंच: १२.५ दिलं, दोन दशांशांच्या फील्डमधून १२.५० परत येतं, पण पुन्हा वाचल्यावरच. जे साठवलं गेलं त्याची टेस्ट करायची असेल तर डेटाबेसमधून पुन्हा वाचा. हातातला ऑब्जेक्ट पुरावा धरू नका.

पायरी ६: कन्स्ट्रेन्टची टेस्ट आणि तिथला खड्डा

पहिल्या पायरीत डेटाबेसला नेमलेले राखणदार खरंच कामावर आहेत का, हे आता बघायचं. एक प्रत एकाला द्या, तीच दुसऱ्याला द्यायचा प्रयत्न करा, इंटेग्रिटीएरर यायला हवी. इथे मुद्दाम क्रिएट() वापरा, फुल_क्लीन() नको. फुल_क्लीन() पायथनमध्येच अडवेल आणि डेटाबेसने काय केलं असतं ते कळणारच नाही.

टेस्ट पास होते. मग तुम्ही तिच्याखाली अजून एक ओळ लिहिता, देवघेवींची संख्या एकच राहिली ना ते बघायला, आणि ट्रान्झॅक्शनमॅनेजमेंटएरर उसळते. बिचारे नवखे इथे तासभर घालवतात. कारण इतकंच की टेस्टकेस सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवतो आणि इंटेग्रिटीएरर आली की ते ट्रान्झॅक्शन निकामी होतं. एरर येते का ते तपासणाऱ्या असर्टरेझेसच्या आत ट्रान्झॅक्शन.ॲटॉमिक() चा ब्लॉक घाला आणि बिघडणारा क्रिएट() त्याच्या आत ठेवा. तेवढाच तुकडा मागे फिरतो, बाकी टेस्ट चालू राहते. हा क्रम उलटा करू नका: बाहेर असर्टरेझेस, आत ॲटॉमिक.

उलट बाजूची टेस्टही हवी. पुस्तक परत आल्यावर तीच प्रत दुसऱ्याला देता आली पाहिजे. ही नसेल तर कुणी कन्स्ट्रेन्टमधली अट चुकून काढून टाकली तरी पहिली टेस्ट हसतमुखाने पास होत राहील.

ट्रान्झॅक्शन कधीच कमिट होत नसल्याने ऑन_कमिट मध्ये (कमिट झाल्यावर चालायला) लावलेली कामंही टेस्टकेसमध्ये चालत नाहीत. त्यासाठी कॅप्चरऑनकमिटकॉलबॅक्स वापरा.

पायरी ७: क्वेरी मोजा

थकलेल्या देवघेवींची यादी दाखवताना प्रत्येक ओळीत सभासदाचं नाव आणि पुस्तकाचं नाव. पाच नोंदींवर लिहिताना काही जाणवत नाही. पाचशे नोंदी झाल्या की एका पानासाठी हजारच्या वर क्वेरी जातात. जोडलेल्या टेबलांचा डेटा सोबतच आणणारा सिलेक्ट_रिलेटेड() लावला की एक पुरते. ती एकच राहावी म्हणून क्वेरींची संख्या तपासणारी असर्टनमक्वेरीजची टेस्ट लिहा आणि डेटात किमान तीन ओळी ठेवा. एकाच ओळीवर ही टेस्ट अर्थहीन आहे. आकडा १४ किंवा २३ असा येऊ लागला तर तो आकडा टेस्टमध्ये तसाच कोरून ठेवू नका, आधी कारण शोधा.

पायरी ८: डेटा हलवणारी मायग्रेशन्स

टेस्टच्या वेळी मायग्रेशन्स रिकाम्या टेबलांवर चालतात. म्हणून जुना डेटा बदलणारं रनपायथन मायग्रेशन टेस्टमध्ये नेहमी पास होतं, चुकीचं असलं तरी. त्यासाठी वेगळी टेस्ट लागते: ट्रान्झॅक्शनटेस्टकेसमध्ये मायग्रेशनएक्झिक्यूटर घेऊन डेटाबेस आधीच्या मायग्रेशनपर्यंत मागे न्या, जुन्या रचनेत काही ओळी भरा, त्यात मुद्दाम एक नल आणि एक विचित्र ओळ असू द्या, मग पुढे न्या आणि निकाल बघा. प्रत्येक मायग्रेशनला हे करायची गरज नाही. ज्यात डेटा हरवू शकतो त्यांनाच करा.

रनपायथनच्या फंक्शनमध्ये मॉडेल थेट इम्पोर्ट करू नका, ॲप्स.गेट_मॉडेल() ने मागा. ते त्या काळचं मॉडेल देतं. थेट इम्पोर्ट केलेलं मॉडेल आजचं असतं आणि वर्षभराने त्यात एखादं फील्ड वाढलं की जुनं मायग्रेशन नव्या मशीनवर कोसळतं. त्या काळच्या मॉडेलवर तुमच्या स्वतःच्या मेथड नसतात, तेव्हा लागणारं गणित मायग्रेशनमध्येच उतरवून काढा. पुनरुक्ती झाली तरी चालेल. उलट फिरवण्याचं फंक्शनही द्या, करण्यासारखं काही नसेल तर रनपायथन.नूप.

जुनी मायग्रेशन्स अधूनमधून डोकं वर काढतात. चेककन्स्ट्रेन्टचा चेक हा आर्ग्युमेंट ५.१ मध्ये बाद ठरवून त्याला कंडिशन नाव दिलं गेलं आणि ६.० मध्ये जुनं नाव काढून टाकलं. ते मॉडेलमध्ये बदललंत तरी जुन्या मायग्रेशन फाईल्समध्ये राहतंच, तिथेही हाताने बदला. फाईल्स फारच साचल्या तर स्क्वॉशमायग्रेशन्स त्यांची एक फाईल करून देतं. जुन्या फाईल्स लगेच पुसू नका. नवी फाईल सगळ्या सर्व्हरवर आणि सहकाऱ्यांच्या मशीनवर लागू झाली की मग त्या काढा, दुसऱ्या मायग्रेशन्समधले त्यांचे उल्लेख नव्या फाईलकडे वळवा आणि नव्या फाईलमधली रिप्लेसेसची ओळ पुसा.